वेल्डिंग इंजिनिअरिंगची पदवी घ्यावी, की मेकॅनिकल करून मग तिकडे वळावं?

पहिली_ठिणगी

पदवीच्या प्रवेशासाठी माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक मेकॅनिकल इंजिनिअरिंग, दुसरी वेल्डिंग इंजिनिअरिंगची चार वर्षांची स्वतंत्र पदवी. मन दुसरीकडे ओढतंय, पण का ते घरी सांगायला गेले की बोबडी वळते. घरच्यांचा पहिलाच प्रश्न, "वेल्डिंग शिकायला चार वर्षं? त्याचा तर काही महिन्यांचा कोर्स असतो ना?" दुसरा त्याहून अवघड, "उद्या यात काम नाही मिळालं तर?"

थोडं वेल्डिंग मला येतं. सुट्टीत एका वर्कशॉपमध्ये जाऊन शिकले. माइल्ड स्टीलची प्लेट सपाट ठेवली तर बीड, म्हणजे जोडाची रेघ, बरी पडते, उभा जोड मारताना मात्र धातू ओघळतो. पण मला खरा रस वेगळ्याच गोष्टीत आहे. त्याच मशीनवर, त्याच रॉडने, तेवढ्याच अँपिअरवर मी दोन जोड मारले. एक हातोड्याने वाकवला तर वाकला. दुसरा वाकलाच नाही, टणकन तुटला. तिथल्या मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "ते लोखंड वेगळं आहे." वेगळं म्हणजे काय, हे कोणी सांगेना.

तर विचारायचंय ते असं. या पदवीत नेमकं काय शिकवतात? गणित किती असतं? स्वतःचा हात वेल्डरसारखा बसलेला लागतो का? शाखा इतकी अरुंद आहे की पुढे त्यातच अडकून पडेन? आणि रोबो जोड मारायला लागलेत, तर माणसाला काय उरणार?

रूटपास

घरच्यांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो प्रश्न चुकीचा नाही. काही महिन्यांत जोड मारायला येतो. पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप चहूबाजूंनी जोडायला जास्त वेळ लागतो, पण तेही हाताचंच शिक्षण. त्या हाताला मी कधीच कमी लेखणार नाही, माझी रोजी त्याच्यावर चालते. मात्र तो जोड कोणत्या रॉडने, किती करंटवर, प्लेट आधी किती तापवून, कोणती बाजू आधी नि कोणती नंतर अशा क्रमाने मारायचा, हे आधी कोणीतरी ठरवलेलं असतं. आणि जोड झाल्यावर तो पुढची कित्येक वर्षं दाब सोसेल असं सही करून सांगणारंही कोणीतरी लागतं. ते 'कोणीतरी' व्हायला चार वर्षं लागतात, आणि खरं तर तीही पुरत नाहीत.

यातली मेख समजून घे. भोक पाडलं तर व्यास मोजता येतो, बोल्ट आवळला तर टॉर्क मोजता येतो. जोडाचं तसं नाही. वरून देखणा दिसणारा जोड आतून ठिसूळ असू शकतो. अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रेने आतली पोकळी, भेग, अडकलेला स्लॅग म्हणजे मळी दिसते, पण धातू किती चिवट आहे ते त्यात दिसत नाही. ते बघायचं तर जोड कापून तुकडा तोडून बघावा लागतो, आणि कापला की तो जोड गेलाच. म्हणून आधी त्याच जातीच्या प्लेटचा नमुना जोडायचा, तो कापायचा, ओढायचा, वाकवायचा, किती मार सोसतो ते पाहायला शार्पी यंत्राच्या हातोड्याखाली फोडायचा, आणि तो चाचणीला उतरला की त्याचे सगळे आकडे कागदावर घ्यायचे. नमुन्याच्या नोंदीला पीक्यूआर म्हणतात आणि त्यावरून वेल्डरसाठी जो सूचनेचा कागद तयार होतो तो डब्ल्यूपीएस. एएसएमईचा सेक्शन ९ घे, एडब्ल्यूएसचं डी१.१ घे, आयएसओ १५६१४ घे, या सगळ्या नियमपुस्तकांचा गाभा हाच. माझ्या कामाचा निम्मा दिवस या दोन कागदांच्या मधल्या जागेत जातो.

एक घटना सांगते, तुझ्या अभ्यासात ती येईलच. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर एल. किलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म वादळात उलटला. वर २१२ माणसं होती, १२३ दगावली. चौकशीत माग निघाला तो एका आडव्या नळीसारख्या ब्रेसपर्यंत, म्हणजे पाय जोडून ठेवणाऱ्या दांड्यापर्यंत. त्या ब्रेसला भोक पाडून हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र) बसवायचा एक छोटा आधार वेल्ड केलेला होता, ६ मिमीच्या फिलेटने, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या जोडाने. हा आधार वजन पेलणारा भाग नव्हता, त्यामुळे त्या जोडाकडे कोणी गंभीरपणे पाहिलंच नाही. त्याच्या कडेला भेग होती, आणि भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे प्लॅटफॉर्म समुद्रात जायच्या आधी, रंगकामाच्या वेळीच ती तिथे होती. लाटांच्या माऱ्याने ती वाढत गेली, ब्रेस तुटला, उरलेल्या ब्रेसवर भार आला, तेही गेले आणि पाचांपैकी एक पाय निखळला. आजही ड्रॉइंगवर कोणी "हा तर नुसता क्लिपचा जोड आहे" म्हटलं की मी ते ड्रॉइंग स्वतःकडे ओढून घेते.

आता शिकवतात काय. पहिलं वर्ष इतर कुठल्याही इंजिनिअरिंगसारखंच, गणित, भौतिकी, रसायन, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुढे तीन पाय फुटतात. एक, आर्क (रॉड आणि प्लेट यांच्यामध्ये पेटणारी विजेची ज्योत) आणि वीज: आर्कमध्ये धातूचा थेंब कसा सुटतो, करंट वाढला की व्होल्टेजचं काय होतं, कोणता वायू काय करतो. दोन, धातुशास्त्र, आणि हाच पाय सगळ्यात जाड. तीन, डिझाइन: जोडात उरलेला ताण, प्लेट वाकडी होणं, फटीग म्हणजे पुन्हापुन्हा ताण येऊन धातूचं थकणं, भेग किती मोठी झाली की धोक्याची. शेवटी तपासणीच्या पद्धती आणि कोड, म्हणजे वर सांगितलेली नियमपुस्तकं. गणित आहे, पळवाट नाही. सरकत्या उष्णतास्रोताचं रोझेन्थाल यांचं समीकरण समजायला डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. रोजच्या कामात मात्र साधा गुणाकार-भागाकार पुरतो. २५ व्होल्ट, २०० अँपिअर, मिनिटाला ३०० मिमी वेग, तर दर मिलिमीटरला १ किलोज्यूल उष्णता. रॉडच्या वेल्डिंगमध्ये त्यातली साधारण ८० टक्के कामात धरतात. हा आकडा छोटा दिसतो, पण जोड किती वेगाने थंड होणार ते बरंचसं त्यावर ठरतं, आणि थंड होण्याचा वेग म्हणजेच आतल्या धातूचं नशीब.

काळी_काच

रूटपास ताईंनी बरंच लिहिलंय. मी आधी वेल्डर होतो, आता इन्स्पेक्शन करतो. पोरी, तुझा जो तुकडा तुटला तो कुठून तुटला ते पाहिलंस का? मधोमध, का जोडाच्या बाजूने? आणि तुटलेली कड कशी होती, चमकदार दाणेदार, का काळपट गुळगुळीत? काळपट गुळगुळीत असेल तर तिथे धातू एकजीवच झाला नव्हता, दोष तुझ्या हाताचा, लोखंडाला बोल लावायचा नाही.

हाताबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. इंजिनिअरचा हात बसलेला नसला तरी चालतो, पण काच लावून आर्ककडे कधी पाहिलंच नाही असं चालत नाही. असे लोक ड्रॉइंगवर दोन भिंतींच्या फटीत जोड काढून ठेवतात, तिथे रॉडचा होल्डरच शिरत नाही, शिरला तर डोकं शिरत नाही. वेल्डर बिचारा आरसा लावून जोड मारतो, मग एक्स-रेत फेल होतो, आणि नाव वेल्डरचं खराब. स्वतः एकदा तरी वाकून, आडवं पडून जोड मारलेला इंजिनिअर असं ड्रॉइंग काढत नाही.

पहिली_ठिणगी

काका, तुकडा ठेवलाय. मधोमध नाही तुटला, बाजूने तुटलाय, जोडाची कड सोडून थोडासा आत. चमकदार दाणे दिसतात. तो कुठल्याशा जुन्या शाफ्टचा तुकडा होता असं मिस्त्री म्हणाले. आणि रॉड पाकिटातून सुटे पडलेले होते तेच वापरले.

रूटपास

मग तुझ्या हाताची सुटका झाली.

शाफ्टचं पोलाद बहुतेक वेळा मध्यम कार्बनचं किंवा क्रोम-मॉलीचं असतं. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेचं, म्हणजे आयआयडब्ल्यूचं एक सूत्र आहे, कार्बन इक्विव्हॅलंट. कार्बनचे टक्के, अधिक मँगनीजचा सहावा हिस्सा, अधिक क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा, अधिक निकेल आणि तांब्याच्या बेरजेचा पंधरावा. साध्या बांधकामाच्या पोलादात कार्बन ०.१८ आणि मँगनीज १.४ धरलं तर उत्तर येतं ०.४१. सहसा त्रास देत नाही. शाफ्टच्या पोलादात कार्बन ०.४०, मँगनीज ०.८, क्रोमियम १ आणि मॉलिब्डेनम ०.२ धर. उत्तर ०.७७. ०.४५ ओलांडलं की आम्ही सावध होतो, इथे तर त्याच्या कितीतरी पुढे.

झालं काय असेल ते सांगते. जोडाची कडा वितळण्याच्या जवळ तापली आणि भोवतालच्या थंड जाड धातूने तिची उष्णता झपकन ओढून घेतली. त्या घाईत तिथे मार्टेन्साइट तयार झालं, कठीण आणि ठिसूळ. रॉडचं आवरण दमट असेल तर आर्कमध्ये त्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो आणि याच पट्ट्यात घुसतो. वर जोड आकसल्याचा ताण. कठीण धातू, हायड्रोजन आणि ताण, तिघं एकत्र आले की भेग पडते, तीही जोड गार झाल्यावर, कधीकधी दोन दिवसांनी. म्हणून अशा पोलादाची तपासणी अनेक ठिकाणी जोडानंतर ४८ तासांनी करतात. तिघांपैकी एकाला बाहेर काढलं की निभावतं. प्लेट आधी तापवली की थंड होणं मंदावतं, ई७०१८ सारखा कमी हायड्रोजनचा रॉड भट्टीत भाजून वापरला की हायड्रोजन घटतो. मी तुकडा पाहिलेला नाही, त्यात आधीच भेग पडली होती की नुसत्या ठिसूळपणाने तो गेला हे कापून पाहिल्याशिवाय ठरणार नाही. पण मिस्त्रींचं "वेगळं लोखंड" म्हणजे हेच असणार, अशी मी पैज लावायला तयार आहे.

आणि हे वाचताना तुला कंटाळा आला असेल तर मेकॅनिकल घे. खरंच सांगते. ज्याला इथे उत्सुकता वाटत नाही त्याला तिसऱ्या वर्षात फार जड जातं.

दाणेदार

मी धातुशास्त्राचा माणूस आहे, त्यामुळे रूटपास यांच्या धातुशास्त्राशी माझं भांडण नाही. सल्ल्याशी आहे. पदवीच्या पातळीवर वेल्डिंग इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या जागा जगभरात मोजक्याच आहेत. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं नाव सगळ्यात आधी घेतात, लटुर्नो युनिव्हर्सिटी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी हा विषय मेकॅनिकल, मेटलर्जी किंवा प्रॉडक्शनच्या पोटात असतो आणि पदव्युत्तर पातळीवर वेगळा होतो. शिवाय आयआयडब्ल्यूचा इंटरनॅशनल वेल्डिंग इंजिनिअर (आयडब्ल्यूई) हा डिप्लोमा आहेच. त्याला प्रवेश इंजिनिअरिंगच्या पदवीवर मिळतो, ती मेकॅनिकलची असली तरी चालते. प्रक्रिया आणि उपकरणं, धातू आणि त्यांचं वागणं, रचना आणि डिझाइन, उत्पादन, हे चारही भाग त्यात येतात. मग अठराव्या वर्षीच दार लहान का करून घ्यायचं? आधी रुंद पाया घाल, मग हवं तिथे खोल जा.

आणखी एक. अमेरिकेत काही ठिकाणी पदवीचं नाव वेल्डिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी असतं, फेरिस स्टेटमध्ये तसंच आहे. ती चांगली पदवी आहे, हाताने काम जास्त आणि गणित थोडं कमी. पण तिथे पदव्यांना मान्यता देणाऱ्या एबेट या संस्थेत इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी यांना मान्यता देणारी मंडळं वेगवेगळी आहेत, आणि पुढे परवाना किंवा पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तेव्हा हा फरक आडवा येऊ शकतो. अर्ज भरायच्या आधी मान्यता कशाची आहे ते वाच.

रूटपास

मान्यतेचा मुद्दा सोळा आणे खरा, मी तो लिहायला हवा होता. आयडब्ल्यूईबद्दलही खोटं काही नाही. माझ्या टीममधले बरेचसे त्याच वाटेने आलेत आणि उत्तम काम करतात.

तरी "आधी रुंद, मग खोल" हे ऐकायला जेवढं सोपं वाटतं तेवढं नाही. मेकॅनिकलवाला जोडाची जाडी काढतो आणि धातू सगळीकडे सारखाच धरतो. धातुशास्त्रवाला सूक्ष्मदर्शकाखाली दाणे बघतो, तिथे ताण कुठून येतो ते त्याच्या कागदावर नसतं. १७ जानेवारी १९९४ च्या, कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात नेमकी हीच फट उघडी पडली. पोलादी सांगाड्याच्या इमारती लवचीक समजल्या जात, भूकंपात वाकतील पण तुटणार नाहीत असा भरवसा होता. प्रत्यक्षात तुळई आणि खांबाच्या जोडांत ठिसूळ भेगा निघाल्या, कित्येक तर आच्छादन काढल्यावरच दिसल्या. काही जोडांत वापरलेल्या फ्लक्स-कोअर (आत पूड भरलेल्या) वायरच्या धातूची टफनेस, म्हणजे चिवटपणा, फारच कमी होती, मुळाशी आधाराला लावलेली बॅकिंग पट्टी तशीच ठेवल्याने तिथे खाच तयार झालेली, आणि डिझाइनचा सगळा जोर नेमका त्या जागेवर. यातली एकेक गोष्ट एकेका खात्याला माहीत होती. तिन्ही एका डोक्यात असणं, ही या पदवीची किंमत. नंतर डिप्लोमा करून ते जमतं, पण तेव्हा नोकरी सांभाळून जमवावं लागतं.

अरुंदपणाचं म्हणशील तर मला तो जाणवला नाही. जहाज, पाइपलाइन, बॉयलर, अणुभट्टी, पूल हे सगळ्यांना दिसतं. पण गाडीच्या सांगाड्यात हजारो स्पॉट वेल्ड असतात, आणि पेसमेकरची टायटॅनियमची डबी लेझरने हवाबंद करतात. १९९१ मध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंगच्या संशोधन संस्थेत फ्रिक्शन स्टर वेल्डिंग निघालं. त्यात धातू वितळतच नाही, फिरत्या अवजाराने मऊ करून एकमेकांत कालवतात. अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचं निम्मं दुखणं त्याने गेलं, कारण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वरचा ऑक्साइड मात्र दोन हजारांच्या पुढे. आता तर तार वितळवत थरावर थर चढवून अख्खा सुटा भाग उभा करतात, तेही आमचंच काम. उलट एक तोटा कोणी सांगत नाही तो सांगते. मुलाखतीला गेलीस की समोरच्याला तुझी पदवी समजावून सांगावी लागेल, आणि काही जण तुला वेल्डर समजतील. त्याने रागावणार असशील तर आत्ताच विचार कर.

रोबोचं थोडक्यात. सांगितलेली रेघ रोबो न थकता ओढतो. दोन प्लेटमधली फट आज २ मिमी आणि उद्या ४ मिमी आली तर सेन्सर लावल्याशिवाय त्याला ते कळत नाही, आणि सेन्सरने कळलं तरी करंट, वेग, तारेचा पुरवठा किती बदलायचा हे त्याला आधी कोणी तरी शिकवावं लागतं. चुकीचा डब्ल्यूपीएस दिला तर माणूस एक जोड बिघडवून विचारायला येतो. रोबो अख्खी पाळी बिघडवून ठेवतो.

पहिली_ठिणगी

ताई, काका, दाणेदार सर, तिघांचेही आभार. कार्बन इक्विव्हॅलंट मी कागदावर पुन्हा मांडून पाहिलं, आणि घरी जेवताना सगळ्यांना ऐकवलंही. निदान "चार वर्षं कशाला" हा प्रश्न आता कोणी विचारत नाहीये. दुसरा अजून बाकी आहे.

ज्या विभागात वेल्डिंगची पदवी आहे तिथे मी भेटीला जाणार आहे. काय बघू, काय विचारू?

दाणेदार

दुसऱ्या वर्षापर्यंतचे विषय मेकॅनिकलशी किती जुळतात ते विचार. बरेचसे जुळत असतील तर शाखा बदलायची सोय राहते. घरच्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि ते जुळत असतील तर माझा विरोधही मागे घेतो.

रूटपास

मशीनची यादी बघून भुलू नकोस. शार्पीचं यंत्र, वाकवण्याची चाचणी, जोड कापून घासून ॲसिडने उठाव देऊन बघायची सोय, हे विभागात स्वतःचं आहे की बाहेर पाठवतात ते विचार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थी नमुना जोडण्यापासून ते तोडण्यापर्यंत एक तरी पीक्यूआर स्वतः पूर्ण करतात का. शेवटच्या वर्षातल्या कोणाला गाठ आणि म्हण, तुझा फेल झालेला नमुना दाखव. तो का फेल झाला हे जर विद्यार्थी उत्साहाने सांगायला लागला, तर विभाग चांगला आहे. फेल नमुने फेकून देत असतील तर मी तरी तिथे जाणार नाही.

काळी_काच

आणि धूर ओढायची नळी जोडाच्या जवळ आणता येते का, ते बघ. नुसते छताला पंखे असतील तर धूर आधी तुझ्या नाकासमोरून जाणार आणि मग वर. २०१७ मध्ये आयएआरसी या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलाय, आर्कच्या अतिनील किरणांसकट. आमच्या वेळी कोणी बोलत नव्हतं. भेट प्रॅक्टिकल चालू असेल त्या दिवशीच ठरव, रिकाम्या लॅबमध्ये यातलं काही कळत नाही.